यात आपला माणूस कुठंय?

गेल्या भीमजयंतीला आमच्या वस्तीतल्या विहारात कवितावाचन झालं. माझा नंबर आला तेव्हा मी चौदा ओळींची एक कविता वाचली. रात्रपाळीत सूत तुटतं. ते सांधायचं. सांधलं की साचा चालू. परत तुटतं. बस, एवढंच. तिच्यात घोषणा नव्हती, गावकूस नव्हतं, मनू नव्हता. टाळ्या पडल्या त्या रीतीपुरत्या. मग एक कार्यकर्ता उठला. नाव सांगत नाही. माणूस सच्चा आहे. ॲट्रॉसिटीच्या केसेसपायी पदरमोड करून तालुक्याला खेटे घालणारा, दोनदा लॉकअपमध्ये जाऊन आलेला. तो शांतपणे म्हणाला, "कविता बरीय. पण यात आपला माणूस कुठंय?"

मी गप्प बसलो. घरी आलो तरी तो प्रश्न डोक्यात भणभणत राहिला.

गंमत अशी की हीच कविता मी त्याआधी एका वजनदार नियतकालिकाला पाठवली होती. संपादकांचं पत्र आलं, मोठं सभ्य. लिहिलं होतं, तुमच्या अनुभवविश्वातलं काही दाहक पाठवा. म्हणजे काय पाठवू? आठ तास साच्यापुढं उभा असतो ते माझं अनुभवविश्व नाही काय? पण त्यांना माझी गिरणी नको होती. त्यांना माझा वळ हवा होता. ताजा, जमलं तर रक्तासकट.

तेव्हा दोस्तहो, प्रश्न असा आहे. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्यानं दरवेळी वळच दाखवले पाहिजेत का? नाही दाखवले तर तो पळपुटा ठरतो का? पांढरपेशांच्या पंगतीला जाऊन बसला असं होतं का? आणि दाखवले, तर ते कुणाला? आपल्या लोकांना ते माहीतच आहेत, रोज अंघोळ करताना हात लागतो. मग बघणारा कोण?

या प्रश्नाशी झोंबत असताना मला एक चित्रकार सापडला. अमेरिकेतला, काळा. जॅक व्हिटन त्याचं नाव. १९३९ साली जन्मला, २०१८ साली मेला. हाच प्रश्न जन्मभर त्याच्या मानगुटीवर होता, आणि तो चित्रं काढायचा ती अमूर्त. म्हणजे बहुतेक चित्रांत माणूस, झाड, घर काही ओळखू येत नाही. रंग, पोत, उजेड. बस. आधीच कबूल करतो, त्याचं एकही चित्र मी समोर उभं राहून पाहिलेलं नाही. तडा गेलेल्या मोबाइलच्या काचेवर पाहिलीत, आणि त्याच्याविषयीचं इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलंय. माझं शिक्षण सांगण्यासारखं नाही. चित्रकलेतल्या जाणकारांना हसायचं तर त्यांनी खुशाल हसावं.

व्हिटन अलाबामातल्या बेसेमर गावचा. लोखंडाचा आणि कोळशाचा मुलूख. बाप खाणीत कोळसा काढायचा, आई शिवणकाम करायची. आईचा पहिला नवरा पाट्या रंगवणारा होता. त्याचे मागं राहिलेले ब्रश आणि रंग या पोराच्या हाताला लागले. गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. पाण्याचा नळ वेगळा, बसमधली जागा वेगळी. आपल्याला हे समजावून सांगायला नको. तिथं पाण्याच्या नळावर पाटी असायची, आपल्याकडं पाटीचीही गरज पडली नाही.

१९५७ ला तो टस्कीगीला गेला, डॉक्टर व्हायचं म्हणून. टस्कीगी म्हटलं की मराठी वाचकाला कार्व्हर आठवतो. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ ला आलं, ते आपल्याही किती घरांत पोचलंय. शेंगदाण्यातून काय काय काढणारा तो कार्व्हर अलाबामाच्या मातीतून रंगही काढायचा. त्याची प्रयोगशाळा व्हिटनच्या मनात घर करून बसली. पुढं हा चित्राला प्रयोगशाळेसारखाच भिडला, त्याचं मूळ इथं असावं असं मला वाटतं. त्याच दिवसांत माँटगोमेरीला त्यानं मार्टिन ल्यूथर किंगला ऐकलं, भेटला. डॉक्टरकीचं शिक्षण सुटलं. तो लुइझियानात बॅटन रूजला सदर्न युनिव्हर्सिटीत चित्रकला शिकायला गेला.

१९६० साली तिथल्या विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. व्हिटन तो उभा करणाऱ्यांतला एक. अहिंसेची शपथ घेऊन निघालेली पोरं, आणि बाजूला पिसाळलेला गोरा जमाव. पोरं हात न उचलता चालत राहिली. पण व्हिटनच्या आत काहीतरी तुटलं. पुढं तो सांगायचा की दक्षिणेत राहिलो असतो तर अहिंसा मला झेपली नसती. मी कुणाला तरी मारलं असतं, नाहीतर कुणी मला. त्यानं ग्रेहाउंडची बस धरली आणि न्यूयॉर्क गाठलं.

हे नीट ध्यानात घ्या. अमूर्त चित्रं काढणारा हा गडी दिवाणखान्यातून आलेला नाही, मोर्चातून आलाय.

न्यूयॉर्कात कूपर युनियन नावाची संस्था होती. तिथं फी नव्हती, म्हणून हा शिकू शकला. १९६४ ला पदवी मिळाली. डी कूनिंगसारखा नावाजलेला गोरा चित्रकार त्याला भेटला, तसे नॉर्मन लुईस, रोमेअर बेअर्डन, जेकब लॉरेन्स हे काळे वडीलधारेही भेटले. रात्री जॅझ ऐकायचा.

त्या १९६४ सालचं त्याचं एक चित्र आहे, नावच 'बर्मिंगहॅम १९६४'. बर्मिंगहॅम म्हणजे बेसेमरच्या शेजारचं शहर. १९६३ च्या मे महिन्यात तिथं पोलिसांनी निदर्शनं करणाऱ्या पोरांवर कुत्री सोडली. सप्टेंबरात चर्चमध्ये बॉम्ब फुटला, चार काळ्या मुली गेल्या. व्हिटननं काय केलं? लाकडी फळीवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावला, ज्यात आपण पोळ्या गुंडाळतो तसला. त्यावर काळा रंग. मधोमध तो पत्रा फाडला. फाटलेल्या जागेतून वर्तमानपत्रातला फोटो दिसतो, पोलिसाचा कुत्रा काळ्या पोराच्या अंगावर जातोय तो. आणि त्या फोटोवर बाईच्या पायातला झिरझिरीत मोजा ताणून बसवलाय. जखम उघडी आहे आणि तिच्यावर पापुद्राही धरलाय. हे चित्र आपल्याला लगेच पोचतं. हे विहारात लावलं असतं तर आमच्या कार्यकर्त्यानं तो प्रश्न विचारला नसता.

त्याच सुमारास त्यानं जाळीदार कापडातून रंग दाबून धुरकट चेहरे काढले. एकाच्या नावातच 'लिंचिंग' आहे. १९६८ ला किंगचा खून झाला. त्या साली त्यानं किंगच्या नावानं चित्रं केली, रंगांचा नुसता कल्लोळ, त्यात चेहऱ्यासारखं काहीतरी उमटतं आणि विरतं.

आणि मग १९७० च्या सुमाराला या माणसानं ब्रशच खाली ठेवला.

कॅनव्हास भिंतीवरून काढून जमिनीवर आडवा केला. सुतारकामाचा हात होता, त्यामुळं स्वतःच एक अवजार बनवलं: लाकडाचं, बारा फूट रुंद, मोठ्या दाताळ्यासारखं. त्याला नाव दिलं 'डेव्हलपर'. फोटो धुताना जे रसायन वापरतात त्याचं नाव. कॅनव्हासवर ॲक्रिलिक रंगाचे थर ओतायचे, एकावर एक, अर्धवट सुकू द्यायचे. मग ते अवजार या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढायचं. काही सेकंदांचा खेळ. कापडाखाली आधीच तार, खडे असं काहीबाही ठेवलेलं असायचं. तिथं रंग अडायचा आणि ओरखडा उमटायचा. छपाई खात्यात जाळीवरून रंग ओढायची रबरी पट्टी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे कळेल. फक्त ती बारा फुटांची आहे आणि ओढणारा एकटा आहे असं समजा. तयारी दिवसेंदिवस, ओढणं क्षणाचं, चुकलं तर सगळं गेलं. वरचा रंग सरकतो आणि खालचे दडलेले थर फाटून वर येतात. त्याला सगळं चित्र एका झटक्यात, फोटो निघावा तसं निघायला हवं होतं. जॉन कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनला जाणकार सुरांच्या चादरी म्हणायचे. व्हिटनला तशा उजेडाच्या चादरी पाहिजे होत्या.

पुढं १९८० च्या दशकात जर्मनीचा गेरहार्ड रिश्टर असाच रंग ओढून जगभर गाजला. बेसेमरच्या खाणवाल्याच्या पोरानं हे दहा वर्षं आधी केलं होतं, ही गोष्ट लोकांच्या ध्यानात यायला फार वर्षं जावी लागली. शोध आपल्या माणसाच्या नावावर चढत नाही, हे तिकडंही तसंच.

आता मनातलं सांगतो. ही सत्तरची चित्रं मला खुपतात. १९६९ च्या डिसेंबरात शिकागोत ब्लॅक पँथरच्या फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी पहाटे घरात घुसून बिछान्यावर मारलं. एकवीस वर्षांचा होता. १९७१ ला ॲटिकाच्या तुरुंगात बंड केलेल्या कैद्यांवर गोळीबार झाला. आणि हा आपला जमिनीवर रंग ओढतोय. १९७४ च्या जानेवारीत मुंबईत पँथरच्या मोर्चावर वरून दगड पडला, भागवत जाधव गेला. त्याच १९७४ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जॅक व्हिटनची चित्रं लागली. या दोन गोष्टी एकाखाली एक लिहिताना माझा हात अडखळतो. म्हणून तर हा लेख चार वेळा फाडला.

त्याच्या लोकांनीही त्याच्यासारख्यांना हाच सवाल केला होता. १९६५ ला माल्कम एक्सचा खून झाला, आणि लीरॉय जोन्स नावाचा कवी हार्लेममध्ये गेला, तिथं काळ्यांचं नाट्यगृह आणि शाळा काढली. पुढं त्यानं अमिरी बराका असं नाव घेतलं. त्यातून ब्लॅक आर्ट्सची चळवळ उभी राहिली. तिचं म्हणणं साधं होतं: कला आपल्या लोकांची, आपल्या लोकांसाठी, त्यांना कळेल अशी. गोऱ्यांच्या गॅलरीतलं अमूर्त आपल्या काय कामाचं? १९६८ ला हार्लेममध्ये स्टुडिओ म्युझियम उघडलं. पहिलंच प्रदर्शन टॉम लॉइड या काळ्या कलावंताचं, विजेच्या रंगीत दिव्यांच्या अमूर्त रचनांचं. वस्तीतले काही लोक बिथरले. यात आम्ही कुठं? शब्द बघा, आमच्या विहारातलेच.

मी त्या लोकांना चूक म्हणणार नाही. त्याच हवेतून आपल्याकडं १९७२ ला 'पँथर' हे नाव आलं. शेकडो वर्षं ज्यांचा चेहरा चित्रात आला तो एकतर नोकर म्हणून नाहीतर माकड म्हणून, त्यांना आपला चेहरा आपल्या हातानं भिंतीवर लावायचा होता. यात वावगं काय? बाबासाहेबांचा फोटो झोपडीत पहिल्यांदा लागला तेव्हा झोपडी बदलली. फोटोची ताकद आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि दुसऱ्या बाजूनं गोऱ्यांची म्युझियमं या अमूर्तवाल्यांना काही डोक्यावर घेऊन नाचत नव्हती. नॉर्मन लुईस गोऱ्या अमूर्तवाल्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करत आला, पण १९७९ ला मरेपर्यंत त्यांच्या नावांच्या जवळपासही त्याचं नाव गेलं नाही. घरचे म्हणतात तू त्यांचा. ते म्हणतात तू आमचा नाहीस. मधल्या बोळात उभं राहून काम करायचं.

पण मला अडतंय ते असं. १९६३ ला त्या चार मुली मेल्यावर कोल्ट्रेननं एक धून वाजवली, नाव 'अलाबामा'. शब्द एकही नाही. नुसती वाद्यं. ती ऐकताना कुणी विचारलं का, यात आपला माणूस कुठंय? आपल्या जलशात शाहीर दम घ्यायला थांबला आणि नुसती ढोलकी वाजत राहिली तर आपण उठून जातो का? उलट पुढं सरकून बसतो. मग वाद्याला सूट, आणि रंगाला आणि कवितेला मात्र दर ओळीला हजेरी, हा कुठला न्याय? हे मी वकिली म्हणून नाही बोलत. मला खरंच कळत नाही.

व्हिटनचं पुढं काय झालं ते सांगतो. १९७५ पासून तीनेक वर्षं त्यानं रंग जवळजवळ बंद केला, नुसतं काळं-पांढरं, ग्रीक अक्षरांची नावं दिलेली चित्रं. बायको ग्रीक वंशाची. १९६९ पासून हा उन्हाळ्यात क्रीट बेटावर जायचा, तिथं लाकूड कोरायचा. १९८० ला आगीत स्टुडिओ जळाला. पुढं काही वर्षं चित्रं थांबली. परत उभा राहिला तेव्हा ते मोठं अवजार गेलं होतं. आता तो रस्त्यावरच्या लोखंडी जाळ्या, गटारांची झाकणं, बाटल्यांची बुचं यांचे ॲक्रिलिकमध्ये ठसे घेऊ लागला. शहराची कातडी सोलून आणावी तसं. १९९० नंतर त्याची रीत ठरली: रंग ओतून जाड थर करायचा, सुकला की कापून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, हजारो, आणि एकेक तुकडा कॅनव्हासवर बसवायचा. ग्रीसमधल्या जुन्या चर्चमध्ये दगड-काचेच्या तुकड्यांची चित्रं असतात, त्यातलंच. पण याचा तुकडा नुसत्या रंगाचा. तो म्हणायचा, मी चित्र रंगवत नाही, बनवतो.

आमच्या खात्यात शेजारच्या साच्यावर एक मामा आहेत, रिटायरला आलेले. जेवणाच्या सुट्टीत त्यांना मोबाइलवर दाखवलं. सत्तरचं ओढलेलं चित्र बघून मामा म्हणाले, "फरशी पुसायची राहिलीय." मग नव्वदनंतरचं दाखवलं. मामांनी चष्मा कपाळावर सारला, मोबाइल नाकाशी नेला. "हे काम हाय. एकेक बसवलंय. एकट्यानं?" म्हटलं, एकट्यानं. "किती दिस लागले? आन् मजुरी?"

मजुरीचं उत्तर अवघड होतं. किती वर्षं शिकवून पोट भरलं. नाव होतं, पण ओळखणाऱ्यांपुरतं. हार्लेमच्या त्याच स्टुडिओ म्युझियमनं १९८३ ला त्याचं दहा वर्षांचं काम मांडलं, हे त्यातलं एक समाधान. बराक ओबामानं २०१६ ला राष्ट्रीय कलापदक दिलं तेव्हा हा श्याहत्तर वर्षांचा. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमनं सगळ्या आयुष्याचं काम मांडलं ते २०२५ ला, मरून सात वर्षं झाल्यावर. मामा म्हणाले, "म्हंजे पेन्शनीत." आणि डबा बंद केला.

आता ज्या चित्रामुळं मी हे सगळं लिहायला बसलो त्याकडं येतो. १९९४ चं. व्हिटननं 'ब्लॅक मोनोलिथ' नावाची एक माळच केली. मोनोलिथ म्हणजे एकसंध उभी शिळा. एकेक चित्र एकेका काळ्या माणसाच्या नावानं. हे दुसरं, राल्फ एलिसनच्या नावानं. एलिसनची 'इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी १९५२ ची, ज्याच्याकडं लोक बघतात पण ज्याला बघत नाहीत अशा काळ्या माणसाची. आणि हा एलिसनही टस्कीगीलाच शिकलेला. चित्रात फिकट तुकड्यांच्या गर्दीत मधोमध काळी आकृती आहे, माणसाच्या धडासारखी भासते. चेहरा नाही. डोळे नाहीत. पण ते चित्र कशाचं बनलंय त्याची यादी वाचा: ॲक्रिलिक, उसाची मळी, तांबं, मीठ, कोळसा, राख, चॉकलेट, कांदा, वाळलेला पाला, गंज, अंड्याची टरफलं, आणि दाढीचं पातं.

यादी वाचली आणि मी रात्रपाळीला जायचं विसरलो होतो.

मळी कुठून येते? उसातून. ऊस कुणी तोडला? गुलामांनी. कोळसा कुणी काढला? बापानं. मीठ, कांदा, अंडं हे घरातलं, आईच्या चुलीपाशी असणारं. पातं कशासाठी ते मी सांगणार नाही, तुम्हाला कळतंय. हा अर्थ मी लावलाय, व्हिटननं असा लिहून ठेवलेला नाही. पण १९६४ ला त्यानं जखमेचा फोटो लावला होता, आणि तीस वर्षांनी त्यानं फोटो काढून टाकला आणि ज्या वस्तूंनी ती माणसं जगली, घासली गेली, मेली, त्या वस्तूच कुटून रंगात घातल्या. माणूस दिसत नाही कारण तो चित्राच्या आत आहे. २००१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले ते त्यानं स्वतःच्या दारातून पाहिलं. त्याचं चित्र २००६ ला पुरं केलं, वीस फूट लांब. त्यातही राख आहे.

आता जरा आपल्याकडं या. भाजे लेण्यात जा, चैत्यगृहात. इसवी सनापूर्वीचं काम. तिथं बुद्धाची मूर्ती नाही. समोर एक दगडी स्तूप आहे, गोल, गुळगुळीत, मुका. डोळे नाहीत, हात नाहीत, हसू नाही. सांचीच्या तोरणावर बुद्ध कोरलाय तो रिकाम्या आसनानं, बोधिवृक्षानं, पावलांच्या ठशांनी. मूर्ती नंतर आली. त्या काळच्या आपल्या माणसांना कुणी विचारलं असेल का, यात बुद्ध कुठंय? त्यांना ठाऊक होतं स्तूप कशावर बांधतात. आत अस्थी असतात. बाहेरून नुसता घुमट, पण आत कुणाचं तरी नक्की, मोजून ठेवलेलं हाड. दादरला चैत्यभूमीवर सहा डिसेंबरला आपण रात्र-रात्र रांगेत उभे राहतो. मूर्ती, तसबिरी तिथं आहेत, असाव्यात. पण वास्तू कशाची आहे? स्तूपाची. ज्याला शाळेत चित्रकलेचा तास मिळाला नाही अशी माझी आजी त्या घुमटाला हात लावून रडलेली मी पाहिलीय. अमूर्त आपल्या लोकांना कळत नाही असं मला यापुढं कुणी सांगू नये.

मग सगळंच अमूर्त आपलं का? नाही हो. पंचतारांकित हॉटेलात सोफ्याच्या रंगाला जुळतं म्हणून लावलेलं चित्रही अमूर्तच असतं. तो रिकामा घुमट. आत हाड नाही. आणि आपल्याकडंही शंभर कविता अशा आहेत ज्यांत गावकूस आहे, मनू आहे, मशाल आहे, आणि आत काही नाही. त्याही रिकाम्याच. माझ्या स्वतःच्या वहीत आहेत तसल्या वीसेक, जयंतीच्या आदल्या रात्री लिहिलेल्या. त्यांना टाळ्या जोरात पडल्या होत्या.

एक अडचण तरीही मिटत नाही. व्हिटनच्या चित्राखालचं नाव काढलं, साहित्याची यादी काढली, तर मला त्यातला कोळसा कोळसा म्हणून कळला असता का? खरं सांगायचं तर नसता कळला. स्तूपात काय आहे हे आजी जाणते कारण तिला आजोबांनी सांगितलं, त्यांना चळवळीनं सांगितलं. सांगणारे तुटले की घुमट हा नुसता दगड. म्हणजे अमूर्त करणाऱ्याला फोटो लावणाऱ्यापेक्षा आपल्या लोकांची जास्त गरज लागते. फोटो एकटा उभा राहू शकतो. स्तूप नाही. ही चित्रं आज ज्या म्युझियमच्या भिंतीवर आहेत तिथं बेसेमरचा कोणता खाणमजूर तिकीट काढून जातो, हा प्रश्नही आहेच. मामांनी बघितलं ते माझ्या मोबाइलवर. व्हिटनकडं याचं उत्तर होतं असं मला कुठं सापडलं नाही.

एक गोष्ट मात्र सापडली. २०१४ च्या जानेवारीत अमिरी बराका वारला. तोच, ज्याच्या चळवळीनं अमूर्तवाल्यांना गोऱ्यांचे म्हणून हिणवलं होतं. त्या साली चौऱ्याहत्तर वर्षांच्या व्हिटननं 'ब्लॅक मोनोलिथ' माळेतलं पाचवं चित्र केलं ते बराकासाठी. नावात दोन्ही नावं घातली, लीरॉय जोन्स आणि अमिरी बराका, आणि वर लिहिलं 'फुल सर्कल'. म्हणजे वर्तुळ पुरं झालं. त्याच साली आणखी एक, ड्यू बॉइसच्या नावानं. ड्यू बॉइस म्हणजे ज्याला बाबासाहेबांनी १९४६ ला पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली होती तो. या ड्यू बॉइसनं १९२६ मध्येच ठणकावून सांगितलं होतं की सगळी कला हा प्रचारच असतो, आणि असायलाच पाहिजे. अशा दोघांना हा न दिसणाऱ्या माणसांचा चित्रकार तुकडा-तुकडा जोडून मानवंदना देतो. त्यांचं ऐकलं नाही, त्यांना सोडलंही नाही. भांडण पन्नास वर्षं मनात वागवलं आणि शेवटी त्याचंच चित्र बनवलं. मला हे फार मोठं वाटतं.

परवा तो कार्यकर्ता बसस्टँडवर भेटला. केसच्या तारखेहून येत होता, दमलेला. चहा घेतला. मी माझ्या कवितेचा विषय काढला नाही. त्याला ते १९९४ चं चित्र दाखवलं आणि कशाचं बनलंय ती यादी वाचून दाखवली, मळीपासून पात्यापर्यंत. त्यानं पुन्हा वाचायला लावली. मग मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात केली.

"पातं कुठाय रे यात?"

म्हटलं, बघ.

चहा निवला. तो एकेक तुकडा सरकवत चालला होता. माझी पाळीची वेळ झाली. मोबाइल त्याच्याकडंच ठेवला आणि मी निघालो.